घडीवर घडी : घातांकाचे नियम हाताला कळतात तेव्हा

सातवी-आठवीच्या वह्या तपासणाऱ्या गणिताच्या शिक्षकांना काही चुका तोंडपाठ असतात. २चा ३रा घात म्हणजे ६. २चा ३रा घात गुणिले २चा ४था घात म्हणजे ४चा ७वा घात. ५चा घातांक शून्य असेल तर उत्तर शून्य. २चा घातांक उणे ३ असेल तर उत्तर उणे ८. अभ्यासक्रम बदलले, पुस्तकं बदलली, शिकवण्याची भाषा बदलली, तरी या चुका जागच्या हलल्या नाहीत.

या चुका आळसातून येत नाहीत. प्रत्येकीमागे मुलाचा विचार असतो. तीन हा आकडा दोनाच्या डोक्यावर लिहिलाय, तेव्हा त्याचं दोनाशी काहीतरी करायचं आहे. गुणाकाराशिवाय दुसरं काय असणार? शून्य म्हणजे काही नाही, तेव्हा उत्तरही काही नाही. उणे चिन्ह वर दिसलं, तेव्हा ते खाली उतरणारच. मूल आपल्याजवळच्या अनुभवावरून अंदाज बांधतं. अडचण अशी, की घातांकाचा अनुभव त्याला मिळालेलाच नसतो. त्याआधीच फळ्यावर नियम येतो: पाया समान असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज, भागाकारात वजाबाकी, घाताचा घात असेल तर गुणाकार. तीन वाक्यं, तीन क्रिया. परीक्षेच्या दिवशी यातली कुठली क्रिया कुठल्या वाक्याची, एवढंच आठवायचं उरतं. ते आठवलं नाही, की हाताशी दुसरं काहीच नसतं.

हा क्रम उलटा करावा, असं मला मनापासून वाटतं. आधी हाताने कृती, मग बोलणं, मग वहीत नोंद, आणि नियम सर्वांत शेवटी, तोही मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेला. हे करायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. बऱ्हाणपूरसारख्या गावात तर लागणारं सगळं साहित्य गावाच्या धंद्यातच पडलेलं आहे.

कापड, कागद आणि केळी

तापीकाठचं बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण खानदेशाशी त्याची नाळ जुनी. फारुकी सुलतानांच्या खानदेशाची ही राजधानी. भुसावळहून खांडव्याकडे निघालेली गाडी रावेर सोडते आणि पुढे राज्याची हद्द ओलांडून बऱ्हाणपूरला येते. हद्दीच्या अलीकडे-पलीकडे तीच काळी जमीन, त्याच केळीच्या बागा, तीच सोयरीक. १५ ऑगस्ट २००३ रोजी खांडव्यापासून वेगळा होऊन बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला.

या जिल्ह्याच्या तीन गोष्टी आपल्या विषयाच्या कामाच्या आहेत. पहिली कापड. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये इथे आला, तेव्हा इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जात असल्याचं त्याने लिहून ठेवलं. आज गावात यंत्रमागांची खडखड आहे. दुसरी गोष्ट कागद. जिल्ह्यातल्या नेपानगरला देशातली वृत्तपत्री कागदाची पहिली गिरणी उभी राहिली; १९५५ साली तिथे उत्पादन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पंडित नेहरूंनी ती राष्ट्राला अर्पण केली. तिसरी गोष्ट केळी. जिल्ह्याच्या शेतीचं मुख्य नगदी पीक.

कापडाची घडी पडते, कागदाचीही पडते, आणि केळीचं एक रोप प्रयोगशाळेत एकाची तीन, तीनाची नऊ अशा चालीने वाढवता येतं. घातांकाचं सगळं प्रकरण या तीन ठिकाणी उघडं पडलेलं आहे. इथल्या वर्गात एका बाकावरच्या मुलांच्या घरी मराठी, निमाडी, उर्दू, कोरकू अशा वेगवेगळ्या भाषा असू शकतात. नियमाचं वाक्य प्रत्येकाला वेगळं जड जातं. कापडाची पट्टी मात्र सगळ्यांच्या हातात सारखीच घडी होते.

एनसीईआरटीचं सातवीचं जुनं पुस्तक घातांकाची सुरुवात पृथ्वीच्या वस्तुमानापासून करत असे: एवढी मोठी संख्या लिहायची कशी, हा प्रश्न. प्रश्न खरा आहे, पण पृथ्वी मुलाच्या हातात येत नाही. २०२५ साली आलेल्या आठवीच्या ‘गणित प्रकाश’ या नव्या पुस्तकात सुरुवात कागदाच्या घड्यांनी होते. हा बदल स्वागतार्ह आहे. पण पुस्तकात छापलेली घडी ही वाचायची घडी असते. ती वर्गात प्रत्यक्ष पडली, तरच बदलाचा उपयोग.

६ मीटर ४० सेंटीमीटरची पट्टी

कोऱ्या, पातळ सुती कापडाची चार-पाच सेंटीमीटर रुंद पट्टी घ्यावी, लांबी नेमकी ६४० सेंटीमीटर. कागद सहाव्या-सातव्या घडीला हट्ट करतो. मऊ कापड तेवढा करत नाही. पाच-पाच मुलांच्या गटाला एक पट्टी, एक मोजपट्टी आणि वहीत तीन रकाने: घड्या किती, थर किती, लांबी किती.

पट्टी बरोबर अर्ध्यात दुमडायची. एक घडी, दोन थर, लांबी ३२०. पुन्हा अर्ध्यात. दोन घड्या, चार थर, १६०. मग आठ थर आणि ८०, सोळा थर आणि ४०, बत्तीस थर आणि २०, चौसष्ट थर आणि १०. सहा घड्यांत साडेसहा मीटरच्या आसपासची पट्टी तळहाताएवढी होते. २चा ३रा घात ६ म्हणणाऱ्या मुलाने इथे तिसऱ्या घडीला कडेचे थर बोटाने मोजलेले असतात. आठ. ते पुन्हा कुणी सांगावं लागत नाही. शिवाय मोजपट्टीही साक्षीला असते: ६४०ला ८ने भागलं की ८०, आणि पट्टी खरोखरच ८० सेंटीमीटर भरते.

आता गुणाकाराचा नियम. एका गटाने पट्टीला दोन घड्या घालायच्या आणि न उलगडता शेजारच्या गटाकडे द्यायची. त्यांनी तिला आणखी तीन घड्या घालायच्या. थर किती होतील, हे आधी वहीत लिहायचं. पहिल्या गटाने चार थर केले होते. दुसऱ्या गटाच्या तीन घड्या त्यांचे आठपट करतात. चार आठे बत्तीस. आणि एकूण घड्या? दोन आणि तीन, पाच. थरांचा गुणाकार होताना घड्यांची बेरीज होते, ही गोष्ट इथे दोन गटांच्या हातांत वाटलेली आहे. पाया दोनच राहतो, चार होत नाही, कारण प्रत्येक वेळी पट्टी अर्ध्यातच दुमडली. ४चा पाया हवा असेल तर दर खेपेला पट्टीचे चार पदर करावे लागतील, आणि तसं कुणीही केलेलं नाही.

भागाकार म्हणजे उलगडणं. पाच घड्यांच्या पट्टीच्या दोन घड्या उलगडा: बत्तीसाचे आठ थर उरतात, पाचांतून दोन वजा होऊन तीन घड्या उरतात. पाचही घड्या उलगडा: शून्य घड्या, एक थर. इथे थोडं थांबावं. २चा घातांक शून्य असेल तर उत्तर शून्य येतं, असं म्हणणाऱ्या मुलाला विचारावं, थर शून्य असतील तर कापड कुठे गेलं? कापड समोर सरळ पडलेलं असतं, एका थरात. घडी एकही नाही, थर एक. शून्य घातांकाचं उत्तर एक का, याचं यापेक्षा स्वच्छ उत्तर मला माहीत नाही.

सगळ्यांत अवघड जागा उणे घातांकाची. तिथे पट्टी थोडी वेगळी वापरायची. आधीच तीन घड्या घातलेली, आठ थरांची पट्टी मुलांच्या हातात द्यायची आणि सांगायचं, ही आपली ‘एक गड्डी’, मोजणी इथून सुरू. गड्डीला एक घडी घातली की दोन गड्ड्यांइतके थर, दोन घातल्या की चार गड्ड्यांइतके. आता उलट दिशेने जा. एक घडी उलगडली की गड्डी अर्धी. दोन उलगडल्या की पाव. तीन उलगडल्या की आठांतला एक थर, म्हणजे गड्डीचा एक अष्टमांश. घडी घालणं अधिक, उलगडणं उणे. तेव्हा २चा घातांक उणे ३ म्हणजे एक अष्टमांश. उणे आठ थर कुणाच्याही हातात येत नाहीत, येऊच शकत नाहीत. उणे चिन्ह दिशा सांगतं, उत्तर उणे आहे असं सांगत नाही, हे मूल स्वतः पाहतं. शून्य कुठे ठेवायचं ते आपण ठरवतो, हीही एक मोठी गोष्ट त्याला वाटेत कळून जाते.

घाताचा घात करायला ‘फेरा’ ठरवून घ्यावा. दोन घड्या मिळून एक फेरा. एका फेऱ्यात चार थर. असे तीन फेरे: चार, सोळा, चौसष्ट. घड्या सहा, म्हणजे दोन गुणिले तीन. जे मूल घाईने दोन अधिक तीन पाच करतं, त्याचा अंदाज बत्तीस थरांचा, म्हणजे २० सेंटीमीटर लांबीचा. पट्टी १० सेंटीमीटर भरते. चूक शिक्षकाने लाल शाईने दाखवायची नाही, मोजपट्टी दाखवते. आधीच्या खेळात दोन घड्यांनंतर आणखी तीन घड्या होत्या, आता दोन-दोन घड्या तीन वेळा आहेत. ‘नंतर आणखी’ आणि ‘इतक्या वेळा’ यांतला फरक हाच या दोन नियमांतला फरक.

एक नियम उरतो: गुणाकाराचा घात. त्यासाठी ३६० सेंटीमीटरची दुसरी पट्टी घ्यावी. आधी अर्ध्यात दुमडायची, मग तीन पदर करायचे. पुन्हा अर्ध्यात, पुन्हा तीन पदर. लांबी १८०, ६०, ३०, १०. थर छत्तीस. आता क्रम बदलून पाहा: दोनदा अर्धी, मग दोनदा तीन पदरी. थर पुन्हा छत्तीसच. दोन आणि तीन यांच्या गुणाकाराचा वर्ग म्हणजे दोनाचा वर्ग गुणिले तीनाचा वर्ग. दोन पट्ट्यांत घातांकाचं जवळपास सगळं प्रकरण संपतं.

नियम जिथे लागत नाही

नियम पाठ झालेली मुलं तो सगळीकडे लावतात. २चा ३रा घात अधिक २चा ४था घात लिहिलं, की उत्तर २चा ७वा घात. याला उपाय साधा आहे. आठ थरांची एक पट्टी आणि सोळा थरांची दुसरी, दोन्ही एकमेकींवर ठेवायच्या. थर चोवीस. सात घड्यांना १२८ थर होतात. दोन पट्ट्या शेजारी ठेवणं आणि एकाच पट्टीला पुढे दुमडत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियम कुठे थांबतो हे कळणं, तो कुठे चालतो हे कळण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि नुसत्या पाठांतरात नेमकं तेच निसटतं.

गुणाकार आणि घात यांतला घोळ ठोकळ्यांनी सुटतो. हंगेरीत जन्मलेल्या झोल्तान डीन्स या गणित-शिक्षणतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर वेगवेगळ्या पायांचे लाकडी ठोकळे वापरात आणले. त्यातले दहाच्या पायाचे ठोकळे आपल्या प्राथमिक शाळांच्या पेट्यांत सर्रास दिसतात: सुटा, दांडी, पाटी, घन. पण डीन्स यांचा संच दोनाचा, तीनाचा, चाराचाही होता, आणि सहावी-सातवीला खरा उपयोग त्यांचाच आहे. सुताराकडून सारख्या मापाचे छोटे घन कापून आणावेत. तीन घनांची एक दांडी, तीन दांड्यांची नऊची पाटी, तीन पाट्यांचा सत्तावीसचा घन. ३चा वर्ग म्हणजे एक पाटी, नऊ. ३ गुणिले २ म्हणजे दोन दांड्या, सहा. दोन्ही शेजारी ठेवल्यावर मूल ते पुन्हा एकमेकांत मिसळत नाही. पुढे गेलं की गंमत वाढते: तीन घनांची मोठी दांडी ८१ची, तीन मोठ्या दांड्यांची मोठी पाटी २४३ची. सुटा-दांडी-पाटी-घन हा आकारांचा क्रम पुन्हा पुन्हा येत राहतो.

कृतीची मर्यादाही शिक्षकाने ओळखून असावं. कापड उणे पायाने दुमडता येत नाही. उणे २चा ४था घात अधिक का येतो, हे दाखवायला दोन बाजूंना दोन रंग असलेलं पुठ्ठ्याचं कार्ड पुरतं: उणे संख्येने एकदा गुणलं की कार्ड एकदा पालथं, चारदा पालथं केलं की मूळ बाजू वर. आणि पाया दहा असो, पाच असो की नुसतं अक्षर, नियम तोच राहतो, ही झेप शेवटी वहीतच घ्यावी लागते. दोनाने सुरुवात झाली आणि तीनाने तीच गोष्ट दिसली, की कोणत्याही संख्येला ती का लागू आहे, हे मुलांकडूनच वदवून घ्यावं.

आपल्या मातीतला घातांक

घडी मोजून संख्या ओळखायची ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, वीरसेन या जैन आचार्यांनी ‘धवला’ ही टीका लिहिली. एखादी संख्या किती वेळा अर्धी करता येते, त्या मोजणीला तिथे अर्धच्छेद म्हटलं आहे. बत्तीसाचे अर्धच्छेद पाच. दोन संख्यांच्या गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे त्या दोघींच्या अर्धच्छेदांची बेरीज, हा नियमही तिथे आहे. आपल्या पट्टीवर दोन गटांनी वाटून घेतलेलं काम ते हेच.

त्याहून मागे जावं तर पिंगलाचं छंदशास्त्र. अक्षर लघू असेल किंवा गुरू असेल. तीन अक्षरांचे मिळून प्रकार आठ. यगणापासून सगणापर्यंतचे आठ गण व्याकरणाच्या तासाला मुलं पाठ करतात, आणि ते आठच का, याचं उत्तर गणिताच्या तासाला असतं: २चा ३रा घात. तीन अक्षरांच्या आठ प्रकारांपैकी प्रत्येकाला पुढच्या दोन अक्षरांचे चार प्रकार जोडले की पाच अक्षरांचे बत्तीस. बऱ्हाणपूरच्या मुलाला हेच यंत्रमागावर दाखवता येतं. उभे धागे उचलणाऱ्या चौकटी एक तर वर असतात किंवा खाली. तीन चौकटींच्या आठ स्थिती, आणखी दोन जोडल्या की बत्तीस. पुठ्ठ्याच्या पाच पट्ट्या वर-खाली सरकवत मुलं सगळ्या स्थिती लिहून काढू शकतात.

पिंगलाने हा घात काढायची युक्तीही दिली आहे. समजा २चा १३वा घात हवा. संख्या विषम असेल तर एक वजा करायचा आणि ‘दुप्पट’ अशी खूण करायची. सम असेल तर निम्मी करायची आणि ‘वर्ग’ अशी खूण करायची. तेराचे बारा, बाराचे सहा, सहाचे तीन, तीनाचे दोन, दोनाचा एक, एकाचा शून्य. मग एकापासून खुणा उलट्या वाचत यायचं: दुप्पट २, वर्ग ४, दुप्पट ८, वर्ग ६४, वर्ग ४०९६, दुप्पट ८१९२. सहा पायऱ्यांत काम संपलं. निम्मं केलं की वर्ग का घ्यायचा? कारण सहाव्या घाताला सहाव्या घाताने गुणलं की बारावा घात येतो. नियम इथे पाठांतराचा राहत नाही, मेहनत वाचवणारं हत्यार होतो.

हीच रीत भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे. शके १०७२, म्हणजे इसवी सन ११५०च्या या ग्रंथात एका दात्याचं उदाहरण येतं. तो पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि महिनाभर रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट देत जातो. एकूण दान किती? तीस दिवसांच्या कवड्या होतात २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४६. त्या काळच्या नाण्यांत १ लाख ४ हजार ८५७ निष्क आणि वर थोडे. हे उदाहरण वर्गात चिंचोक्यांनी मांडावं. सात दिवस मांडले की २५४ चिंचोके लागतात आणि जमिनीवरची ओळ हाताबाहेर जाते. तिथे मांडणं थांबवायचं आणि घात हाती घ्यायचा. मांडता येत नाही म्हणून लिहायचं, ही गरज मुलांना तेव्हा खरी वाटते.

भास्कराचार्यांचं नाव खानदेशाच्या दगडावर कोरलेलं आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांचे नातू चंगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्याने शके ११२८मध्ये त्याला दान दिलं. तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. गणिताची पाठशाळा चालावी म्हणून आठशे वर्षांपूर्वी या भागाने पदरचं दिलं, ही आपल्या मुलांना सांगण्यासारखी गोष्ट आहे.

आणि एक धागा थेट बऱ्हाणपुरापर्यंत येतो. अकबराच्या सांगण्यावरून कवी फैजीने १५८७ साली ‘लीलावती’ फार्सीत आणली. चार वर्षांनी, १५९१ मध्ये, तोच फैजी अकबराचा वकील म्हणून खानदेशच्या राजा अली खानाकडे, बऱ्हाणपूरला आला. या राजा अली खानाने बांधलेली जामा मशीद त्या वेळी अगदी नवी होती. तिच्यात अरबीसोबत संस्कृत शिलालेखही आहे. ज्या गावाच्या मशिदीत दोन भाषा शेजारी नांदतात आणि जिथे ‘लीलावती’चा भाषांतरकार येऊन राहिला, त्या गावातल्या मुलाला गणित परकं वाटू नये.

त्याच मशिदीचे मिनार पुन्हा कागदाकडे नेतात. वृत्तपत्राच्या कागदाची जाडी साधारण ०.०७ मिलिमीटर धरली, तर दहा घड्यांना सात सेंटीमीटर होतात. एकोणीस घड्यांना सुमारे साडेछत्तीस मीटर, म्हणजे मिनारांच्या उंचीच्या आसपास. त्रेचाळिसाव्या घडीला चंद्र मागे पडतो. प्रत्यक्षात इतक्या घड्या पडत नाहीत. २००२ साली ब्रिटनी गॅलिव्हन या अमेरिकेतल्या शाळकरी मुलीने सुमारे १२०० मीटर लांबीच्या पातळ कागदाला बारा घड्या घालून दाखवल्या. त्याआधी किती कागद लागेल याचं सूत्र तिने स्वतः मांडलं होतं. हात आणि हिशेब एकत्र चालले म्हणून ते जमलं.

केळीच्या बाटल्या

बऱ्हाणपूर आणि जळगावच्या शेतकऱ्याला टिश्यू कल्चरचं रोप नवं नाही. जळगावच्या जैन इरिगेशनने ग्रँड नैन जातीची अशी रोपं शेतकऱ्यांपर्यंत मोठ्या प्रमाणावर पोचवली. प्रयोगशाळेत कोंबाचा लहानसा भाग बाटलीतल्या पोषक द्रव्यात वाढवतात, त्याला नवे कोंब फुटले की ते वेगळे करून नव्या बाटल्यांत ठेवतात. अशा फेऱ्यांवर फेऱ्या होतात. फार फेऱ्या झाल्या की रोपांत नको असलेले बदल दिसू लागतात, म्हणून साधारण आठाच्या आसपास थांबतात.

हिशेबासाठी धरू, की दर फेरीला एकाचे तीन होतात. खडूने जमिनीवर बाटल्या काढायच्या, कोंब म्हणून तुरीचे दाणे. चार फेऱ्यांत ८१ दाणे. आठ फेऱ्यांत ३चा ८वा घात, ६५६१. मग प्रश्न: तिसऱ्या फेरीनंतरच्या कोंबांपेक्षा आठव्या फेरीनंतरचे कितीपट? ६५६१ला २७ने भागत बसणारं मूलही उत्तरापर्यंत पोचेल. पण मधल्या पाच फेऱ्या मोजणारं मूल ३चा ५वा घात, २४३, असं चटकन सांगेल. बागेत काम करणाऱ्या घरातल्या मुलाकडे या तासाला सांगण्यासारखं काहीतरी असतं, आणि वर्ग ते ऐकतो. गणिताच्या तासाला असे प्रसंग फार कमी येतात.

सराव कसा द्यावा

कृती एकदा झाली म्हणजे विषय झाला, असं नाही. हाताला कळलेलं वहीत उतरून पक्कं व्हायला सराव लागतो. तो पन्नास एकसारख्या उदाहरणांचा असला की मुलं पुन्हा विचार सोडून देतात. त्याऐवजी दोन फासे घ्यावेत. पडलेल्या दोन आकड्यांतला कुठला पाया आणि कुठला घातांक, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. मोठी संख्या करणारा जिंकला. दोन आणि सहा पडले तर २चा ६वा घात ६४, ६चा २रा घात ३६. दोन आणि तीन पडले तर मात्र ३चा वर्ग ९ हा २च्या घनापेक्षा, म्हणजे ८पेक्षा, मोठा. दोन आणि चार पडले तर दोन्हीकडे १६. थोड्या डावांत मुलं स्वतःच म्हणू लागतात की सहसा लहान पाया आणि मोठा घातांक घ्यावा. मग अपवाद कुठले, याचा शोध सुरू होतो.

दुसरा खेळ पत्त्यांचा. जुन्या लग्नपत्रिकांचे चौकोन कापून एकाच किमतीचे चार-चार पत्ते करायचे: ३२; २चा ५वा घात; २चा २रा घात गुणिले २चा ३रा घात; २चा ७वा घात भागिले २चा २रा घात. चार जमले की डाव खाली ठेवायचा, पण ते समान का आहेत ते घडीच्या भाषेत सांगूनच. तिसरा उपाय म्हणजे चुकांचं पाकीट. वर सांगितलेल्या चुका नाव न घालता चिठ्ठ्यांवर लिहायच्या, त्यात काही बरोबर उत्तरंही मिसळायची. मुलांनी चूक शोधायची आणि ती करणाऱ्याच्या मनात काय आलं असेल तेही सांगायचं. हा सराव मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात चुकणाऱ्या मुलाचा मान राहतो.

शिक्षकांची बाजूही खरी आहे. वर्गात चाळीस मुलं, अभ्यासक्रम लांबलचक, परीक्षा जवळ. पण मध्य प्रदेशालाच याचा मोठा अनुभव आहे. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांना प्रयोगांतून विज्ञान शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो उभा केला, १९८२ पासून एकलव्य संस्थेने पुढे नेला. मुलं गटात प्रयोग करत, निरीक्षणं स्वतः लिहीत, निष्कर्षांवर वाद घालत; परीक्षेलाही पुस्तक उघडं ठेवता येई. पुण्यातून रजा काढून तिथे गेलेल्या तरुण अभियंता अरविंद गुप्तांना काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या वॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे यांतून भूमितीचे आकार सुचले. पुढे पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांची खेळणी देशभर गेली. होशंगाबादचा कार्यक्रम २००२ साली शासनाने बंद केला, पण तीस वर्षं तो चालला तो साध्या सरकारी शाळांत आणि सरकारी शिक्षकांच्याच हातून. त्याचा मुख्य धडा असा, की कृतीनंतरची चर्चा हाच धड्याचा गाभा. पट्टी दुमडून झाली आणि कुणी काही विचारलं नाही, तर तास आनंदात गेला एवढंच होतं. गणित होत नाही.

वेळेचं गणितही मांडून पाहावं. घड्यांना दोन तास, ठोकळ्यांना एक, चिंचोके आणि केळीला एक, खेळांना आठवड्यातली शेवटची दहा-पंधरा मिनिटं. सातवीत दिलेले हे चार तास आठवीत उणे घातांक येतो तेव्हा परत मिळतात, नववी-दहावीत विज्ञानातल्या मोठ्या-लहान संख्या येतात तेव्हा परत मिळतात, आणि पुढे चक्रवाढ व्याज समजून घ्यायचं असतं तेव्हाही. दरमहा वाढत जाणाऱ्या कर्जाचा हिशेब ज्याला करता येतो, त्याला सहजी फसवता येत नाही. कामगारांच्या आणि शेतकऱ्यांच्या गावात ही गोष्ट लहान नाही.

चाळीस मुलांच्या वर्गाला आठ पट्ट्या लागतात, म्हणजे साधारण एक्कावन्न मीटर कापडाची चिंधी. मागवाल्याकडे कडेचं, नुकसानीचं कापड पडलेलं असतं. शाळेने एकदा मागून पाहावं, आणि कारखान्यानेही आपणहून द्यावं. मग शिक्षकाने पहिल्या तासाला फळ्यावर एकही नियम लिहू नये. दुसऱ्या तासाच्या शेवटी प्रत्येक गटाने आपला नियम आपल्या शब्दांत लिहून वाचून दाखवावा, आणि पुस्तकातला नियम त्यानंतर उघडावा. मुलं तो स्वतःच्या वाक्याशी ताडून पाहतील. परीक्षेत नियम विसरला तरी त्यांना तो पुन्हा काढता येईल, कारण तो पहिल्यांदा त्यांनीच काढलेला असेल.